मिलोचं पीठ

—नको, नको, तिथं नको टेकू ठमे, पट्ट्याला काळं तेल हाय, लुगड्याला लागलं तर निघायचं नाय. इकडं बस, या पोत्यावर. बस की गं. आज गिरणी बंदच हाय, इंजिनला तेल नाय, पिंप यायचं होतं ते अजून पालघरलाच पडून हाय — म्हणून ही अशी शांतता, नायतर या वेळेला इथं बाया नुसत्या एकमेकींच्या अंगावर असतात, कुणाचं कुणाला ऐकू येत नाय. बरं असतं तसं. आता तू जे बोललीस ते मला अगदी स्वच्छ ऐकू आलं. झिपरूला जमादारानं नेला. दारू पिऊन रस्त्यात पडला म्हणून नेला, पालघरच्या कोठडीत हाय, परवा कोर्टात उभा करणार. ऐकलं गं. मला अगोदरच कळलं होतं — बोईसरच्या नाक्यावर अशी गोष्ट झाकून राहते काय? पाणी पितेस? हा घे तांब्या. अगं, ओंजळ कशाला करतेस, तांब्याच घे हातात, तोंड लावून पी. आज काय ते वरून ओतायचं-बितायचं नको. घे म्हंतो ना. बरं, नको तर नको, इथं ठेवतो, तुझ्याजवळच ठेवतो.

झिपरू पीत नाय हे तू मला सांगतेस? मला? अगं, होळीला सगळा पाडा नाचून-पिऊन पडतो तेव्हा तुझा नवरा इथं माझ्या ओट्यावर येऊन बिडी ओढत बसतो, मी काय बघितला नाय त्याला? तारापूरच्या अणुभट्टीच्या कामावर लागल्यापासून तर त्यानं ताडीसुद्धा सोडली. मुकादमाचा कायदाच हाय तसा, प्यालेला दिसला की दुसऱ्या दिवशी पाटी दुसऱ्याच्या डोक्यावर. झिपरू मला बोलला होता — महादूशेट, आयुष्यात पहिल्यांदा बारमाही काम मिळालंय, आता वीटभट्टीला जायला नको, पोरं घेऊन भिवंडीकडं भटकायला नको. असा माणूस सकाळी कामावर जाताना पिईल? आणि तोंडाला वास नव्हता असं तू बोलतेस. व्हय, नसणारच. पण जमादारानं काय बघितलं? माणूस चालतोय तो असा झोके खात चालतोय, डोळे वर, हात कापतायत, नाव विचारलं तर जीभ उचलत नाय, आणि मग गेटच्या अलीकडं धाडकन पडला तो पडलाच, घोरायला लागला. आता दारूबंदीच्या राज्यात जमादार दुसरं काय समजणार? त्याच्या जागी मी असतो तर मीपण — नाय, मी तसं नसतो समजलो. मी नसतो समजलो. मला दिसलं असतं तर मला लगेच — जाऊ दे.

आणि सासू? ती पण झोपून राहिली? अजून उठली नाय? … उठली. उठली ना. पेज प्याली? बरं झालं, देवाची कृपा. म्हातारं माणूस, म्हणून बोललो, दुसरं काय. तिचा हात अजून कापतो? कापेल, दोन दिवस कापेल, मग राहील. मला काय ठाऊक म्हंजे? असंच. ताप-बीप आला की कापतोच की हात. आणि तू नाय खाल्लंस काय ते? तुला कसं काय झालं नाय? … हां. पोरं उठायच्या आत दोघांना वाढलं आणि थापलेलं तुझ्या वाट्याला उरलंच नाय. तुमचं बायकांचं असंच, शेवटी बसायचं आणि टोप चाटायचा. यावेळेला बरंच झालं म्हणायचं. तान्हं पोर हाय तुझ्या अंगावर. आज कुणाकडं ठेवून आलीस त्याला? शेजारच्या बायडीकडं. मग लवकर परत जायला पाहिजे तुला, भुकेजलं असेल.

तर तुझं म्हणणं असं, की मी तुझ्याबरोबर पालघरला यावं आणि जमादाराला, साहेबाला सांगावं, की ही दारू नाय, हा मिलोचा माज हाय. मिलोचं पीठ मी दिलं, ते खाऊन हे झालं. असंच ना? आता बघ ठमे, मी यायला नाय म्हणत नाय. पण मिलो म्हंजे काय, रेशनचं धान्य हाय, सरकारचं हाय. अमेरिकेहून बोटी भरून येतं, मुंबईच्या धक्क्यावर उतरतं, आख्खा महाराष्ट्र यंदा तेच खातोय, दुष्काळच तसा पडलाय. मी उठून सरकारी साहेबाला सांगू की तुमच्या धान्यानं माणसं झिंगतात? मलाच आत टाकतील. आणि मिलोनं कधी कुणी झिंगलंय काय? लाल असतं, भाकरी थापताना मोडते, घशाखाली उतरत नाय हे खरं, पण माज? आमच्या घरी दोन महिने झाले तीच भाकरी. घरवाली शालू रोज नाक मुरडून थापते. आमी झिंगलो काय?

काय बोललीस? … कधी? … सगळ्या पाड्यानं?

अरे देवा. आख्ख्या पाड्यानं मागच्या रेशनचं उरलेलं मिलो ओढ्यात ओतलं? बायडीनं पण? तिच्या घरात तर सहा तोंडं. अगं, आता खाणार काय तुमी? कंदमुळं? या दिवसांत कंद कुठं मिळतो? वेडे काय तुमी लोक, कुणाला विचारलं तरी पाहिजे होतं, मला विचारायचं, मी इथं बसलोय ना, दोन कोसांवर — मिलोत काय नाय गं! मिलो चांगलं हाय! मिलोला कशाला दोष देता, मिलोचा काय दोष हाय त्यात?

… नाय, तसं नाय. असं बघू नको माझ्याकडं. मिलोचा दोष नाय म्हंजे — सगळ्या मिलोचा नाय. एखादं पोतं खराब निघू शकतं. बोटीत भिजतं, गोदीत पडून राहतं, आतून गरम होतं. तुला दिलं ते तसलं असेल. मी काय प्रत्येक दाणा वेचून बघतो?

आणि दिलं कसं ते पण ध्यानात ठेव जरा. त्या दिवशी तू आलीस, टोपली रिकामी. दळायला काय नव्हतं तुझ्याकडं. बोललीस, शेट, रेशनचा गाडा आला नाय, घरात खायला काय नाय, पोरीला तुमच्याकडं झाडायला-लोटायला ठेवते पण काय तरी द्या. मी पोरीला ठेवून घेतली? नाय. मी बोललो, ठमे, पोर कशाला, झिपरू आपला माणूस हाय, हे घे, पायलीभर पीठ घे, आणि टोपलीत ओतलं तुझ्या. हातानं दाबून भरलं. इथं माणसं बसली होती, शाळेचे मास्तर होते, ते बोललेसुद्धा, महादूशेट, या काळात असं कोण देतं. मी बोललो, मास्तर, देणारा तो वरचा. बोललो मी तसं. सगळ्यांच्या समोर. तुला आठवतं ना? तू वाकून पायाला हात लावलास, मी मागं सरलो. — मी का मागं सरलो ठाऊक हाय? लोकांना वाटलं मोठेपणा. … नको, तो मुद्दा नाय आता.

त्या पिठात थोडी कच होती. म्हंजे बारीक दगड. दाताखाली लागली असेल तुमच्या. ते मी कबूल करतो, तेवढं मी जमादारासमोर पण कबूल करीन. गिरणीचे दगड गुळगुळीत झाले की टाकी लावावी लागते, छिन्नीनं ठोकून ठोकून खडबडीत करायचे, नायतर दळत नायत, नुसतं घासतात. आणि टाकी लावल्यावर पहिलं जे दळण काढायचं ते गिऱ्हाइकाचं नाय काढायचं. आपल्याकडचं हलकं-सलकं, कुजकं-नासकं काय असेल ते वरनं टाकायचं, दगड त्यानं धुवून घ्यायचे, आणि ते पीठ उकिरड्यावर. माझ्या बापानं शिकवलेलं हाय ते. माकुणसारला आमचं हातजातं होतं तेव्हापासून. तर तुला दिलं ते पहिल्या दळणाचं होतं. त्याच सकाळी टाकी लावलेली. पण मी वरून चांगलं मिलो मिसळलं होतं त्यात, अर्धंअर्ध. रंग सारखा यावा म्हणून — म्हंजे, कच कमी लागावी म्हणून.

अर्धं मिलो. व्हय. अर्धं.

बाकीचं अर्धं काय, असं विचारतेस. आता ते काय लक्षात राहतं काय? कणी असेल, कोंडा असेल, इथं कोपऱ्यात दहा पोती असतात. तुमच्यातलेच लोक दळणाच्या बदल्यात काय काय आणून ओततात — नाचणी, वरी, काय काय. पैसा नाय कुणाकडं, मग धान्य. मी कुणाला परत पाठवत नाय. तो गोमा नाय काय, तुमच्या पलीकडच्या डोंगरावरचा, एक डोळा बारीक असलेला, तो दसऱ्यानंतर आला होता, पोतं घेऊन. त्यानं — असं बघ, हे मी तुला का सांगतोय? गोमाचा यात काय संबंध? गोमानं तर उलट बजावून सांगितलं होतं मला. चांगला माणूस हाय. पोतं टेकवलं आणि बोलला, शेट, यंदाचा दाणा हाय, कापून शेतात पडला होता आणि वरून पाऊस आला, काळा पडलाय, याला आता वर्षभर हात लावू नका. कणगीत असू दे. पुढच्या दिवाळीला काढा, शेणपाण्यात भिजवा, धुवा, सुकवा, आणि तरीपण अगोदर एका म्हाताऱ्यानं घासभर खायचा आणि बाकीच्यांनी दुपारपर्यंत वाट बघायची. मी हसलो. बोललो, गोमा, गिरणी माझी हाय, मला शिकवतोस काय.

ठमे, तू उठलीस का? बस. बस ना गं. मी नाव नाय घेतलं कसलं. मी फक्त गोमाचं सांगत होतो.

तुमी लोक ते ओळखता, मला ठाऊक हाय. आजा-पणज्यापासून ओळखता. नुसतं नाव काढलं तरी तू ते पीठ घेतलं नसतंस, उपाशी राहिली असतीस पण घेतलं नसतंस, आणि झिपरूनं तर वासावरून — म्हणून तर — नाय, नाय. मी काय बोलतोय. रात्रभर डोळ्याला डोळा नाय, त्यानं असं होतंय. माझं डोकं ठिकाणावर नाय.

बरं, तू म्हण काय ते. तुला काय म्हणायचंय? … ही पोटली कसली? … उरलेलं पीठ, रात्रीसाठी राखलेलं. अजून हाय? मला वाटलं संपलं. मला खरंच वाटलं होतं ठमे, की संपलं, एका दिवसात संपलं असणार, म्हणून तर — आण इकडं. दे. मी टाकून देतो. बदली चांगलं देतो तुला, नाचणी देतो, तांदूळ देतो, घरातला तांदूळ देतो, शालूला सांगतो, वाडा कोलम हाय, पाहुण्यांसाठी ठेवलेला, तो घेऊन जा. दे ती पोटली. अगं, दे. का मागं घेतेस? तुला काय करायचंय त्याचं?

… काय?

परत बोल.

तू जमादाराच्या समोर खाणार. त्याच्यासमोर बसून, याची भाकरी करून, नायतर पाण्यात कालवून तशीच, खाणार, आणि बोलणार की बघा, आता माझं काय होतं ते बघा, मग सोडा माझ्या नवऱ्याला. … हे तुला कुणी सांगितलं? कुणी नाय. तुझ्याच डोक्यातलं. महादूशेट आला नाय तर मी खाऊन दाखवीन. — वेडी काय गं तू? तान्हं पोर पितं तुझ्या अंगावर! तुझ्या दुधातनं जाईल ते! मोठा माणूस झोपतो आणि उठतो, तेवढं पोर उठेल काय? नको खाऊ! ठमे, हात जोडतो, नको खाऊ ते, हरीक हाय त्यात! यंदाची हरीक हाय, माजरी, माज चढवणारी, पावसात काळी पडलेली, गोमाची —

…

बोल काय तरी. शिव्या दे.

बसू नको तर नको बसू. उभीच राहा. पण ऐक. एवढं झालंच हाय तर सगळं ऐक, अर्धवट नको नेऊस. मी मारायला नाय दिलं तुला. देवाशपथ. मला वाटलं, एवढ्याशानं काय होतंय. मागच्या महिन्यात ते शेतकीचे साहेब आले होते, जीपवाले, त्यांना मी पोतं दाखवलं होतं — म्हंजे बघ, मी निष्काळजी नाय, मी विचारलं होतं. त्यांनी दाणा हातावर घेतला, नखानं फोडला, बोलले, शेठ, दाणा वाईट नसतो, दाण्यावर बुरशी धरते ती वाईट. ओल्यात कापणी झाली की डोळ्याला दिसत नाय अशी बुरशी आत शिरते आणि तिचं विष दाण्यात उतरतं. मी विचारलं, भाजलं तर? शिजवलं तर? ते बोलले, बुरशी मरते, विष राहतं. विस्तवानं जात नाय ते. गुरांना पण घालू नका, याचा पेंढा खाऊन बैल आडवे होतात. असं बोलले आणि जीपमध्ये बसून गेले. मी इथं हातात दाणा घेऊन उभा. आता विचार कर, न दिसणारी बुरशी, न दिसणारं विष, आणि समोर दिसतंय काय तर गच्च भरलेलं पोतं. दुष्काळाचं साल. चिंचणीला लोक सुक्या मासळीच्या बदल्यात धान्य मागत फिरतात. टाकवतं काय माणसाला? तुला टाकवलं असतं? … तुला टाकवलं असतं. तुमी टाकलंत. आख्ख्या पाड्यानं चांगलं मिलो टाकलंत, नुसत्या संशयावर. मी मात्र —

शालू बोलली होती टाक. त्याच सकाळी बोलली. पोतं खालून फाटलं होतं, त्यातनं सांडलेलं कोंबड्यांनी वेचलं, आणि त्या अंगणात अशा गिरक्या घ्यायला लागल्या, पंख पसरून, मान वाकडी, एक तर तुळशीला जाऊन धडकली. मी हसलो. खरंच हसलो गं, दिसायलाच तसं होतं. शालू नाय हसली. तिनं फडक्यानं तोंड पुसलं आणि बोलली, अहो, पोराबाळांचं घर हाय, आत्ताच्या आत्ता खड्डा करून पुरा ते. मी बोललो, पुरतो. आणि मग टाकी लावायची होती, म्हटलं अनायासे दगड धुवायला कामाला येईल, मग पुरू. दगड धुतले. पीठ घमेल्यात पडलं. चांगलं दिसत होतं ठमे. पीठ झालं की सगळं चांगलंच दिसतं. मी घमेलं उचललं, उकिरड्याकडं निघालो, आणि दारात तू.

तुला 'नाय' म्हटलं असतं तर झालं असतं. कोपऱ्यात माझ्या घरचं मिलोचं पोतं होतं, भरलेलं. मास्तर बसलेले. 'नाय' म्हणवेना आणि माझ्या पोत्यातलं पण देववेना. असं झालं ते. घमेलं हातातच होतं. मी आत गेलो, त्यात मिलो मिसळलं, लाल केलं, बाहेर आलो आणि बोललो, मिलोचं पीठ हाय, घे. बस. एवढाच वेळ लागला. तेवढ्यात माझ्या मनात आलं होतं कोंबड्यांचं. आलं होतं. मी काय तुला खोटं सांगत नाय आता. आणि वाटलं, ही माणसं काटक असतात, काय खातात, काय पचवतात. असं वाटलं मला. हेच वाटलं. तुझ्याकडं बघून वाटलं.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर बोलले, झिपरू पिऊन पडला. सगळे हसत होते, मी पण त्यांच्याबरोबर मान हलवली. मग घरी आलो आणि न जेवता पडलो. शालूनं विचारलं, पोट बिघडलं काय? मी बोललो, व्हय. तिला सांगायचं धाडस नाय माझ्यात, आणि तुझ्यासमोर हे घडाघडा ओकतोय. कारण तू बोलत नायस म्हणून. तू जरा बोलली असतीस, ओरडली असतीस, तर मी पण ओरडलो असतो आणि वेळ निभावून नेली असती.

नाय, रडू नको. रडत नायस? मग काय बघतेस? … येतो. येतो म्हंतो ना. मला काय करावं लागेल ते कळतं मला, लहान नाय मी. जमादारासमोर उभं राहायचं आणि सांगायचं, साहेब, या माणसानं दारूचा थेंब घेतला नाय, मी त्याला खराब हरीक खाऊ घातली, मिलो सांगून. इतकंच. मग झिपरू सुटेल. मुकादमाला मी स्वतः सांगीन, पाटी परत देईल तो, अजून जागा भरलेली नाय, मी चौकशी केली. व्हय, केली मी चौकशी, तुला काय वाटलं, मी नुसता पडून होतो? आणि पाड्यावर पण येईन, बायडीला, सगळ्यांना सांगीन, मिलो खा, मिलोत काय नाय. त्यांनी मला धोंडे मारले तर मारू देत. गिरणीला कुलूप लागेल. लागलं तर लागलं. या गावात मला परत कोण दळण देईल? कुणी नाय. शालू काय म्हणेल — ती काय म्हणेल ते मला आताच ऐकू येतंय. पण येतो. ही बघ टोपी घातली. वहाण कुठं गेली? ही काय. ती पोटली सांभाळ, ती दाखवायला लागेल साहेबाला, त्यात दाण्याचा काळा कण दिसतो बघ बोटावर घेतला तर. नीट बांध. खाऊ मात्र नको, आता गरजच नाय खायची, मी हाय ना. चल. पॅसेंजर मिळेल आपल्याला. हलकं वाटलं गं ठमे, खरंच सांगतो, छातीवरचा दगड उतरल्यासारखं —

थांब. एक मिनिट. सायकल कुणाची ती? … जमादारच.

बरंच झालं. इथंच आले. पालघरला जायला पण नको. तू नको बोलू हां. तू गप्प राहा, मी बोलतो. मीच बोलायला पाहिजे. अगोदर त्यांना बसू दे, जरा टेकू दे. घाम आलाय बघ त्यांना.

या, या जमादारसाहेब! रामराम. अहो, उन्हाचं कशाला आलात, निरोप धाडायचा, पोरगा येऊन घेऊन गेला असता. गहू? वा, रेशनचा दिसत नाय, घरचा हाय. आज तेल नाय हो इंजिनला, पण ठेवून जा, तेल आलं की पहिलं तुमचं. वहिनींना बारीक लागतं, ठाऊक हाय मला. नुकतीच टाकी लावलीय दगडांना, असं मऊ पडेल की बघत राहाल. कच? छे, छे. पहिलं दळण मी काढून टाकलं. तुमच्या पिठात कच कशी येऊ देईन मी? मी निघालो होतो कुठं? नाय, कुठं नाय. ही टोपी होय — असाच, नाक्यापर्यंत, सुपारी आणायला.

ही? कोण नाय. डोंगरावरची हाय. दळणाला आली होती.

व्हय, व्हय, तोच झिपरू. त्याचीच बायको. … हां, बोलत होती ती काय काय. आता बायको म्हटल्यावर बोलणारच की. मी तेच समजावत होतो तिला, की बाय, सरकारी काम हाय, साहेब बघतील काय ते. मी काय सांगणार हो त्याच्याबद्दल? इथं येऊन बिडी ओढायचा कधी कधी. आत काय करायचा, कुठं जायचा, आपल्याला काय कळतंय. … पोटलीत? कोंडा हाय. कोंडा दिला मी तिला, गरीब हाय बिचारी. उघडून कशाला बघता, जमादार, पीठ सांडेल — म्हंजे कोंडा सांडेल. बसा ना तुमी. पोतं झटकून देतो.

ठमे. ठमे, काय करतेस. पोटली बांध. तोंडात काय —

नाय, काय नाय जमादार. भूक लागली असेल. कोंडा खातात हो ही लोकं, यंदा खातात. असाच कोरडा खातात. सवय असते त्यांना. तुमी इकडं बसा, या अंगाला, वारा येतो.

पुरे, ठमे. पुरे आता. घरी जा. जा म्हंतो ना.